टर्बो गेला, असे कशावरून?

डिझेल गाडी तेलावर चालते असे आपण म्हणतो. खरे तर ती तेलापेक्षा कितीतरी जास्त हवा खाते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि इंजिन प्रत्यक्षात त्याहूनही जास्त हवा आत ओढते. पेट्रोल गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो, डिझेलमध्ये तसा नसतो. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा कमी पडली की गाडी ओढत नाही, धूर काळा होतो आणि तेलही जास्त लागते.

हे सगळे मला समजले ते घरावर आलेल्या एका अडचणीमुळे. माझा धाकटा भाऊ चिपळूणला भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनी, १२४८ सीसीची डिझेल. उमराहला जाणाऱ्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचे, पेशंटला कुंभार्ली घाटातून कराडला न्यायचे, लग्नाचे वऱ्हाड पोहोचवायचे. अब्बांच्या इंतकालनंतर घर या गाडीवर आणि माझ्या शाळेच्या पगारावर चालते.

गेल्या हिवाळ्यात घाटात गाडीचा दम जाऊ लागला. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढ लागला आणि चार माणसे बसलेली असली की दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागे काळा धूर, इंजिनाचा दिवा पेटलेला आणि जोर दिला की बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९. निकाल मिळाला, ‘टर्बो गेला. २८,००० रुपये.’

आमच्याकडे तेवढेच पैसे होते आणि ते धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवले होते. अम्मी काही बोलली नाही. हातातल्या बांगडीवरून बोट फिरवत बसली. तिच्या मनात काय आले ते आम्हा तिघांनाही कळले.

पैसे देण्याआधी भाऊ गाडी घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रीचाचांकडे गेला. रविवार होता, म्हणून मीही सोबत गेले. चाचांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘टर्बो गेला, असे कशावरून?’

भाऊ म्हणाला, ‘स्कॅनरवर आले ना, चाचा.’

‘बेटा, स्कॅनर सांगतो की हवेचा दाब हवा तेवढा बनत नाही. का बनत नाही ते आपण शोधायचे.’

मग त्यांनी हवेचा रस्ता आम्हाला बोटाने दाखवला. हवा आधी फिल्टरमधून येते. तिथे ती मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. पुढे टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून पुढे ढकलते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग इंजिनात जाते. या सगळ्यांना जोडणारे जाड रबरी पाइप असतात. टर्बोच्या आधी पाइप फुटला तर धूळ आत ओढली जाते. टर्बोच्या नंतर फुटला तर हवा बाहेर निघून जाते. मोजलेली हवा वाटेत सांडली की डिझेलच्या वाट्याला कमी हवा येते आणि न जळलेले डिझेल काजळी होऊन काळ्या धुराने बाहेर पडते.

तपासणी त्यांनी स्वस्तातल्या वस्तूपासून सुरू केली. फिल्टर काढून उजेडात धरला. महामार्गाच्या कामाची लाल धूळ त्यात बसली होती, पण तो तुंबलेला नव्हता. त्याच्या कडेचे रबर नीट बसते का, हेही बोट फिरवून पाहिले. मग थंड इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून आतले चाक बोटाने फिरवले. ते अलगद फिरले. बाजूला किंचित हलत होते, तेवढे चालते. पुढे-मागे हलत नव्हते आणि पाती कुठे घासलेली नव्हती. ‘हा जिवंत आहे,’ चाचा म्हणाले.

शेवटी पाइपांची पाळी. टर्बोच्या तोंडावर त्यांनी एक टोपण बसवले. त्यात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला होता. कॉम्प्रेसरमधून जेमतेम १५ पौंड हवा भरली. जास्त दाब दिला तर टोपण उडून तोंडावर येते, म्हणून आम्हाला लांब उभे केले. सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला, वरून मुळीच न दिसणाऱ्या बाजूने, फेसाचा फुगा आला. पाइप एका पत्र्याला घासून चिरला होता. हाताने दाबला तर चीर दिसायची, सोडला की मिटायची. घाटात दाब वाढला की ती उघडायची.

नवा पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून १,९०० रुपये झाले. घासणारा पत्रा चाचांनी वाकवून बाजूला केला, नाहीतर नवा पाइपही तसाच चिरला असता. दाबाचा सेन्सर काजळीने माखला होता, तो पुसला. कोड पुसून भावाला घाटात पाठवले आणि परत येईपर्यंत पैसे हातात घेतले नाहीत. गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली, अल्हम्दुलिल्लाह.

पहिल्या गॅरेजने फसवले असे मी म्हणणार नाही. दाब कमी म्हणजे टर्बो, असा अंदाज अनेक जण करतात. पण अंदाजाने वस्तू बदलली असती तर २८,००० गेले असते, पाइप चिरलेलाच राहिला असता आणि नव्या टर्बोलाही कमी पडणारा दाब भरून काढण्यासाठी जास्त पळावे लागले असते.

आपल्या घरांतून कितीतरी मुले रिक्षा, टेम्पो, टॅक्सी चालवतात आणि घराचा हिशेब बहुतेक ठिकाणी आया-बहिणी सांभाळतात. म्हणून या दोन-तीन गोष्टी बायकांनीही माहीत करून घ्याव्यात. मोठा खर्च सांगितला की शांतपणे विचारावे, ‘कशावरून? पाइपांना हवा भरून पाहिली का?’ काढलेली वस्तू दाखवायला सांगावी. गाडीला मोकळा श्वास मिळेल म्हणून कोणी फिल्टर काढून चालवायला सांगितले तर ऐकू नये. धूळ सिलिंडर घासून टाकते. काळा धूर निघत असताना ‘चालतेय ना’ म्हणून ढकलू नये. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो.

आणखी एक गोष्ट आम्ही चिपळूणकर २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर शिकलो. पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून चालू करायची नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतले दांडे वाकतात. आधी टो करून न्यावी आणि मिस्त्रीकडून पाणी काढून घ्यावे.

बहिणीची फी वेळेवर भरली. अम्मीची बांगडी हातातच आहे. भाऊ आता दर जुम्याला सकाळी बॉनेट उघडतो, पाइप हाताने दाबून पाहतो आणि मगच आंघोळीला जातो.