गणित सोडू नकोस

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढ्यांपेक्षा सल्लेच जास्त वाटले गेले. मुलीला चांगले गुण होते. अकरावीला जीवशास्त्र घ्या, गणित सोडा, नीटची तयारी करा, असे सगळ्यांचे एकमत झाले. मुलगी गप्प बसली होती. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, "अम्मी, मला विमान चालवायचंय. हवाई दलाचं."

तिचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. विमान आम्ही पाहिले ते होटगी रस्त्याच्या बाजूला, तेही खालूनच. मी घाबरले. दादी म्हणाल्या, "मुलीची जात, इतक्या लांब कशाला?" एका नातेवाइकाने तर सुनावले, "आपल्याला तिथं कोण घेणार?"

मी फक्त आठवी शिकले आहे. पण नकार द्यायचा तर माहिती घेऊन द्यावा, असे ठरवले. आम्ही दोघींनी जाहिरात वाचून काढली. बारावीनंतरचा सरळ रस्ता म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए. परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६००. त्यानंतर पाच दिवसांची मुलाखत, तीही ९०० गुणांची. वैमानिक व्हायचे तर आणखी एक यंत्रावरची चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. निवड झाली की तीन वर्षे खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडिगलची हवाई दल अकादमी. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. आमच्यासारख्या घराला ही फार मोठी गोष्ट होती.

पण खरी गोम वेगळीच होती. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. पदवीनंतर ॲफकॅट परीक्षेतून उड्डाण शाखेत जायचे म्हटले, तरी बारावीचे हेच दोन विषय विचारतात. म्हणजे पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या सल्ल्याने गणित सोडले, तर दोन्ही दरवाजे त्याच दिवशी बंद. आम्ही गणित ठेवले.

डोळेही आधीच तपासून घेतले. माझ्या भाच्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्याला दोन वर्षांच्या तयारीनंतर कळले होते. त्याचे रडणे मी विसरलेले नाही.

"कोण घेणार" या प्रश्नाचे उत्तर मुलीनेच शोधले. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ फाळणीच्या वेळी भारतीय हवाई दलातच राहिले, १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलप्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आणि मुलींचे म्हणाल तर, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनडीएच्या परीक्षेचा दरवाजा उघडला. ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. दादींनी ती बातमी दोनदा वाचून घेतली.

तरी वाट अरुंदच आहे. अलीकडच्या एका जाहिरातीत उड्डाण शाखेच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी फक्त २ होत्या. म्हणून तिच्या अब्बांनी एक अट घातली, "बेटा, दुसरी वाटही तयार ठेव." ती बी.एस्सी.ला गेली आहे.

पहिल्या परीक्षेला आम्ही आदल्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. वाटेत तिने विचारले, "गाडीला हे नाव का?" मी सांगितले, आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

निकालाच्या यादीत तिचा क्रमांक नव्हता. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर पाहते तर, गणिताची वही उघडून बसलेली. वयाच्या हिशोबाने अजून दोन संधी आहेत. त्या हुकल्या तर पदवीनंतर ॲफकॅट आहे.

ती वैमानिक होईल की नाही, हे अल्लाहच जाणतो. पण मुलाने किंवा मुलीने एखादे मोठे स्वप्न सांगितले, तर अकरावीचा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसा. जाहिरात वाचा, विषय पाहा, डोळे तपासा. दुआ तर आपण करतोच, पण दरवाजा आपल्याच हाताने बंद होऊ नये, एवढे तरी पाहू या.