गोधड्या माळ्यावरून काढ

चि. छकुलीस,


तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. सोमवारी तू सुताराला विसार देणार आहेस, त्याआधी हे तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून पानांचे फोटो काढून आजच पाठवते. ओसरीवर प्लायवूडची पेटी बसवायची, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, सहा फूट उंच, आतून एक इंची फोम, असं तू म्हणालीस. नको करूस, बाळा. नोकरी सोडून तू भोंगवलीला परत आलीस, तिथूनच पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणार म्हणालीस, तेव्हा माझं माहेर पुन्हा बोलतं झालं असं मला वाटलं. पहिल्याच कामात तुझा हिरमोड व्हायला नको.

तशी पेटी मी २००९ साली पुण्याच्या घरी करून घेतली होती. एका पुस्तकाची अकरा प्रकरणं तिच्यात वाचली आणि अकराही परत आली. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं, असा निरोप होता. कानाला हेडफोन लावून ऐकलं तर खरंच तसं होतं. ‘स’, ‘श’ बोथट झालेले, आणि वाक्याच्या शेवटी आवाज एका ठरावीक स्वरावर उतरला की तो फुगून भणभणायचा. सगळी प्रकरणं पुन्हा वाचावी लागली.

असं का झालं, ते पुढे उमगलं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करत राहतो. ज्या स्वराची अर्धी लाट त्या अंतरात नेमकी मावते, तो स्वर तिथे मुक्कामच ठोकतो. तीन फुटांना हा स्वर येतो सुमारे १८८ हर्ट्झ. बाईमाणसाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे ऐन तुझ्या गळ्यातला. त्यात तुझ्या पेटीची रुंदी आणि खोली सारखी, उंची बरोब्बर दुप्पट. तिन्ही बाजूंनी तोच स्वर उचलला जाणार. आणि २०० हर्ट्झची लाट पावणेदोन मीटर लांब असते, तिला एक इंच फोम काय पुरणार? तो फक्त आखूड लाटा खातो, म्हणजे तुझे ‘स’, ‘च’, ‘ट’. उच्चारांची धार जाते आणि घुमणं मात्र जागच्या जागी राहतं. अंड्याचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नकोस, त्या पातळ पुठ्ठ्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतलाही फारसा शोषला जात नाही.

कारण ही दोन कामंच वेगळी आहेत. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट चालत नाही. आतला आवाज शोषायला जाड, मऊ, हवा आत शिरू देणारी वस्तू लागते. पहिलं काम आपल्या माजघराने कधीच करून ठेवलंय. दीड हात जाडीची दगडमातीची भिंत, वर लाकडी माळा. पाटाच्या मोटारी, ट्रॅक्टर, देवळातला भोंगा, बाहेरचं बरंचसं तिथवर पोचेपर्यंत मवाळ होतं. उरतं ते दार. दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभरात एक भाग जरी फट राहिली, तरी फळ्या कितीही जाड असोत, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. तेव्हा सुताराला दे, पण दाराचं काम दे. चौकटीला रबरी पट्टी आणि खाली उंबऱ्याला टेकेल अशी झालर.

आणि माळ्यावरच्या ट्रंकेतल्या माझ्या आईच्या गोधड्या काढ. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर घालून तिने शिवलेल्या आहेत, त्यांच्यासारखं काही बाजारात मिळायचं नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एका नव्या व्याख्यानगृहाचा घुमारा घालवायला सांगितलं होतं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून नाद किती वेळ टिकतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कित्येक रात्रींतून खोलीच्या घुमाऱ्याचं गणित पहिल्यांदा बसलं. ते वाचलं तेव्हा मला आईची ट्रंकच आठवली.

गोधड्या भिंतीला चिकटवून खिळे ठोकू नकोस. भिंतीपासून वीतभर पुढे काठी बांध आणि त्यावर चुण्या पडतील अशा सैल सोड. पण खालच्या स्वरांना त्या पुऱ्या पडणार नाहीत. त्यासाठी चार फूट बाय दोन फुटांच्या तीन लाकडी चौकटी करून घे, आत घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या दोन इंची लाद्या एकावर एक, म्हणजे चार इंच. वरून मांजरपाट ताण. कापड तोंडाला लावून फुंकर मारून बघ, पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, त्याचे तंतू फार टोचतात. या चौकटीही भिंतीपासून चार इंच सोडून उभ्या कर. दोन तुझ्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड तुझ्याकडे असतं, त्याला तुझ्या मागची भिंत सरळ ऐकू येते. तिसरी कोपऱ्यात, तिरपी.

मग मध्ये उभी राहून टाळी वाजव. टाळीमागे ‘टर्र’ असं शेपूट आलं तर अजून एक गोधडी. माइक एक वीत लांब, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा त्यावर आदळत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे बाहेर पडताना तो सुरू करायचं विसरणार नाहीस. एप्रिलात दर वीस मिनिटांनी दार उघडून पाणी पी. गळा सुकला की आधी शब्दांची शेवटची अक्षरं पडतात.

आता आईचं. तिच्या जात्यावरच्या ओव्याही तुझ्या वाचनाच्या जागीच घेईन म्हणालीस. ते मात्र नको. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आपल्या भोर-वेल्ह्याकडच्याही बाया आहेत. २०१७ पासून पारी या संस्थेने त्यातल्या कित्येक सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्यात. ऐक एकदा. मागे घर ऐकू येतं. आईला या गोधड्यांत उभं करून ‘गा’ म्हटलंस तर ती दोन ओळी म्हणेल आणि पुढचं आठवत नाही म्हणेल. तिला ओवी तोंडाने नाही, हाताने आठवते. खुंटा फिरला, बांगड्या मागेपुढे झाल्या की शब्द येतात. तिच्यासाठी गोधड्या बाजूला सार, भिंत उघडी राहू दे, माइक जात्यापासून दोन हात लांब ठेव आणि पहाटे पाचला सुरू कर. मध्येच कोंबडा आरवला तरी थांबवू नकोस.

येत्या शनिवारी मी येते. जातं धुऊन वाळवून ठेव आणि शेरभर ज्वारी निवडून ठेव. आईला आधी काही सांगू नकोस. समोर मी बसेन, तिच्याबरोबर खुंट्याला हात लावायला कुणीतरी लागतं.

तुझी,
आत्या