फाटकापाशी थांबलेली निळी मोटार

रविवारी सकाळी मी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडतो, तेव्हा आधी तांदळाचा वास येतो. उरणचा खारा वारा दाराच्या कडीवर बसतो, शिलाई मशिनच्या चाकावर बसतो, आणि टाचणीएवढ्या आसावरही गंजाचा केशरी ठिपका ठेवून जातो. म्हणून खेळण्यातल्या मोटारींच्या प्रत्येक डब्यात मी तांदळाची एक पुरचुंडी ठेवतो. मग एकेक मोटार चिमटीत धरायची, खिडकीतल्या उजेडाकडे न्यायची, काचांवर हलकी फुंकर घालायची. पुसायचं काही नसतं. तरी पुसायचं.

सगळ्यात जुनी निळी. बाबा मुंबईला कामाला होते आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरत. ओहोटीला बंदर गाळाने भरून जाई, लाँच खोळंबे, आणि आई दिवा मोठा करून दारात बसे. अशाच एका उशिराच्या रात्री त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. हलवली तर काड्या वाजेनात. आत कापसात निजलेली ही मोटार, फुटपाथवरून घेतलेली, पोटावरची अक्षरं घासून गेलेली, आणि तिला डिझेलचा, समुद्राचा आणि बाबांच्या तंबाखूचा मिळून एक वास. फार पुढे वाचलं की लंडनच्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं नेता येई, म्हणून त्याने तिला इवलासा रोडरोलर करून दिला, आणि त्यातूनच मॅचबॉक्स मोटारींचा जन्म झाला. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त काडेपेटी रिकामी केली होती.

आज माझ्याकडे सहा फूट बाय चार फुटांची प्लायवुडची फळी आहे, तिच्यावर रूळ. माप एचओ, म्हणजे खऱ्या जगाचा 87वा हिस्सा. खरा एक फूट इथे साडेतीन मिलिमीटरचा होतो. ज्या 40 फुटी कंटेनरच्या ट्रेलरनी न्हावा शेव्याचा रस्ता रात्रंदिवस थरथरतो, तो कंटेनर इथे 14 सेंटिमीटरचा. अँबॅसिडर जेमतेम पाच सेंटिमीटरची. बाजारात मिळणारा 16.5 मिलिमीटरचा रूळ युरोपच्या मापाचा. आपला 1,676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज 87ने भागला तर 19हून जास्त भरतो, म्हणून माझी लोकल जरा अंग चोरून धावते. आणि निळी कुठल्याच मापात बसत नाही. काडेपेटीतल्या मोटारी खोक्याच्या मापाने घडत. बस असो की रोलर, आत मावली पाहिजे. जर्मनीच्या वायकिंग, हेर्पाच्या नेमक्या मापाच्या मोटारींशेजारी ती बेढब दिसते, जाणकार मित्र तिला काढायला सांगतात. मी तिला फळीच्या अगदी पुढच्या कडेला, रेल्वेच्या फाटकापाशी ठेवतो. जवळचं मोठंच दिसतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998मध्ये उघडलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांची मान आगगाडीबरोबर वळत होती. खोलीतले दिवे मंद झाले, गावातले दिवे लागले, आणि माझं लक्ष रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींवर खिळलं. आगगाडी येत होती, जात होती, बोगद्यात शिरून दुसऱ्याच डोंगरातून निघत होती. त्या मात्र होत्या तिथेच. त्या दिवसापासून मला वाटू लागलं की धावणारी गाडी म्हणजे नुसती हालचाल. तिची वाट बघत कुणी उभं असलं की तिचा प्रवास होतो.

फळीवर मी मिठागरंही केली. आरशाचे तुकडे, मातीचे बांध, आणि त्यांवर आमच्या उरणचंच खरं मीठ. उन्हाळाभर ती पांढरीशुभ्र चमकली. जूनमध्ये पहिली सर आली, खिडकी बंदच होती, तरी मीठ हवेतलं पाणी प्यायलं, ओघळलं, आणि बांधाकडेच्या ट्रकची चाकं गंजली. मी हातात चिंधी घेऊन उभा राहिलो. बाहेर खऱ्या मिठागरांतही त्या दिवशी हेच चाललं होतं.

उरणने रेल्वेची वाट फार पाहिली. नोव्हेंबर 2018पासून लोकल खारकोपरपर्यंत येऊन माघारी फिरत होती. उरणपर्यंतच्या मार्गाचं उद्घाटन झालं 12 जानेवारी 2024ला, अटल सेतूचं झालं त्याच दिवशी. काही दिवसांनी मी खिडकीशी बसून गेलो. द्रोणागिरी मागे पडलं, न्हावा शेवा आलं, कंटेनरचे निळे-तांबडे ढीग सरकू लागले, आणि रस्त्यावर दूरवर मोटारींची एक ओळ उन्हात थबकलेली दिसली, खेळण्याएवढी. मी खिशात हात घातला. निळी होती.

बाबा ही लोकल बघायला राहिले नाहीत.

आईला आता फारसं दिसत नाही. तिन्हीसांजेला ती फळीपाशी येते, कडेकडेने बोटं फिरवते, आणि फाटकाशी निळी लागली की थांबते. लोकल तिच्या बोटांजवळून कुरकुरत निघून जाते, मी फाटक उचलतो.

"ही का नाही हलत रे?"

"थांबलीय, आई."

ती टपावरून अंगठा फिरवते, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे.

"मग दिवा तरी लाव तिथं. अंधार पडलाय."