राजाबाईंचे टोले

बिरसीला विमानतळ असला, तरी आम्ही गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनेच मुंबईस गेलो. मुलगा, सून, नात आणि आम्ही उभयता. नातीला मुंबईत शिकायचे होते. घरचे दुकान असताना एवढा खर्च कशाला, असे मुलाचे म्हणणे.

दुपारी ओव्हल मैदानावरून १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ पाहिले. तेथील राजाबाई मनोरा २८० फूट उंच. बांधकाम १८६९ ते १८७८. देणगीदार शेठ प्रेमचंद रायचंद जैन व्यापारी. मनोऱ्याला त्यांनी मातोश्रींचे नाव दिले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ टोल्यांवरून कळावी, हा त्यामागील हेतू होता, अशी आख्यायिका आहे.

मी बँकेत हयात घालविलेला माणूस. माझे मन हिशेबाकडे वळले. १८६५च्या शेअरबाजाराच्या पडझडीत शेठजींची अफाट संपत्ती बुडाली. तत्पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयास आणि मनोऱ्यास दिलेले दान मात्र आजही उभे आहे.

तेव्हा मुलाला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. माझ्या एम.कॉम.च्या फीसाठी आईने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. तिच्या नावाने मी कोठे एक पायरीही बांधली नाही.

मुलगा काही बोलला नाही. दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकावे म्हणून सुनेने डबा उघडला. इतक्यात मनोऱ्यावर टोले पडले. नातीच्या हातावर पुरी ठेवीत मुलाने विचारले, "अर्जाची शेवटची तारीख कोणती गं?"