दुःख नेमकं कुणाचं?

आई गेल्यानंतर वर्षभरात माझं सगळंच मंदावलं. सकाळी उठवेना, वर्गात शिकवताना साधे शब्द आठवेनात, भर एप्रिलमध्ये पाय गार पडत. मन इतकं जड की रडूही येत नव्हतं. घरचे म्हणाले, आईचं दुःख आहे, वेळ लागणारच. मलाही तसंच वाटत होतं.

चेहऱ्यावर सूज दिसली म्हणून मावशीनं रक्त तपासायला लावलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारं संप्रेरक, साधारण चार-पाचच्या आत हवं. माझं साठच्या वर निघालं. हायपोथायरॉइड, म्हणजे ग्रंथी मंदावलेली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा अर्ध्या तासानंतर. हळूहळू पाय ऊबदार झाले, शब्द परत आले, आणि तो जडपणाही उतरू लागला.

गोळीत असतं थायरॉक्सिन; त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू. थायरॉक्सिन कमी पडलं की हृदयाचे ठोके, आतडी, विचार, सगळंच संथ होतं. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका बाईवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षं जगली.

मामा सुटकेच्या सुरात म्हणाले, "म्हणजे दुःख नव्हतंच, थायरॉइड होतं!" ते वाक्य मला फार लागलं. आईसाठीचा माझा शोक एका ग्रंथीच्या नावावर जमा झाला होता.

मन आणि शरीर ही दोन निराळी तत्त्वं, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त मानत असे. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं १६४३ मध्ये त्याला पत्रातून विचारलं, की जे जागाच व्यापत नाही ते मन शरीराला हलवतं कसं? तिचं समाधान होईल असं उत्तर त्याला देता आलं नाही. पुढे १६४५ मध्ये ती रेंगाळलेल्या तापानं आजारी पडली, तेव्हा अशा तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं, असं त्यानंच तिला लिहिलं. माझ्या बाबतीत बाण उलट दिशेनं आला होता.

मला आपल्याकडच्या सांख्य तत्त्वज्ञांची मांडणी अधिक जवळची वाटते. त्यांच्याकडे बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच, म्हणजे जड सृष्टीचीच. पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव, तेवढा वेगळा, निव्वळ साक्षी. तसं असेल तर आयोडीननं मन हलावं यात नवल नाही. पण तो अलिप्त साक्षी मला मान्य करता येत नाही. त्या दिवसांत अलिप्त असं माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्यावर एका दुपारी पेपर तपासताना आईची आठवण आली आणि मी हुंदके देऊन रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आधीचा जडपणा माझा होता, हे रडणंही माझंच होतं. एकाचं कारण रक्तात सापडलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

संध्याकाळी मामांना फोन केला. "मामा, गोळीनं दुःख गेलं नाही. आता कुठे रडू येतंय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग गोळी चुकवू नकोस, बाळा."