कोळसा, मिथेन आणि घड्याळ

झरियाच्या कोळसापट्ट्यात बोअरहोलमधून कोअर वर आला की जाणकार माणूस आधी घड्याळाकडे बघतो, कोळशाकडे नंतर. कोळशाचा तो ओला दंडगोल पटकन पुसून हवाबंद डब्यात टाकायचा, झाकण आवळायचं आणि डबा थराच्याच तापमानाच्या पाण्यात बुडवायचा. डब्यातून निघालेली नळी पाण्यात उलट्या उभ्या केलेल्या मापनपात्रात सोडलेली असते. बुडबुडे वर जातात, पात्रातलं पाणी खाली सरकतं आणि वहीत नोंदी सुरू होतात. सुरुवातीला दर काही मिनिटांनी, मग तासांनी, पुढे दिवसाआड.

अडचण अशी की थरापासून डब्यापर्यंतच्या प्रवासात जो वायू उडून गेला, तो कुणीच मोजलेला नसतो. त्याचा अंदाज बांधायची रीत फ्रेंच संशोधक बर्टार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली मांडली. सुरुवातीच्या काळात बाहेर पडणारा वायू वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आलेखावरची सरळ रेघ मागे नेली की हरवलेला वायू हाती लागतो. पण शून्य वेळ कोणती धरायची? पाण्याने ड्रिलिंग चालू असेल, तर कोअर बोअरहोलच्या निम्म्यावर आला तो क्षण, असा संकेत आहे. पट्टी ठेवून रेघ कुणीही मारील. पहिल्या दोन-तीन नोंदींपैकी डब्याचं तापमान स्थिरावण्याआधीच्या कुठल्या आणि खऱ्या कुठल्या, हे ओळखण्यातच हात मुरावा लागतो.

कोळशातला बहुतेक मिथेन पोकळीत नुसता कोंडलेला नसतो, तो छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो. याला अधिशोषण म्हणतात. मिथेनचा रेणू सुमारे 0.38 नॅनोमीटरचा, आणि ज्या छिद्रांत तो मुख्यतः बसतो ती 2 नॅनोमीटरहून लहान. अशा छिद्रांमुळे अनेक कोळशांच्या एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. दाब वाढवत नेला की चिकटणारा वायू आधी झपाट्याने वाढतो, मग मंदावतो. अर्व्हिंग लँगम्युअरने 1918 साली दिलेलं समीकरण आजही याच कामाला वापरतात.

प्रयोगशाळेत त्यासाठी कोळसा पाव मिलिमीटरपर्यंत दळतात. भुकटी 30 अंश सेल्सिअसला पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर ठेवून तिचा ओलावा थरातल्यासारखा करतात. ही पायरी गाळली तर आकडा फुगतो, कारण एरवी पाण्याने अडवलेल्या जागाही मिथेनला मिळतात. मग हेलियम सोडून रिकामी जागा मोजायची, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने मिथेन. प्रत्येक टप्प्याला दाबाचा काटा पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची.

वायू किती मावतो, हे भुकटी चोख सांगते. तो किती वेळात बाहेर पडेल, हे मात्र तिला विचारू नये. विसरणाला लागणारा वेळ कणाच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पाव मिलिमीटरच्या कणाला एक तास लागत असेल, तर एक सेंटिमीटरच्या एकसंध खड्याला त्याच्या 1600 पट, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक. प्रत्यक्षात खडा इतका वेळ घेत नाही, कारण थरात 'क्लीट' नावाच्या नैसर्गिक भेगा असतात. माणूस बोळाबोळांतून वाट काढत एकदाचा हमरस्त्याला लागावा, तसा मिथेन सूक्ष्म छिद्रांतून विसरणाने क्लीटपर्यंत पोचतो आणि तिथून पुढे दाबाच्या फरकाने वाहतो. त्यामुळे खरी लांबी ठरते ती दोन भेगांमधल्या अंतरावरून. आणि दळणयंत्र नेमक्या त्या भेगाच मोडून टाकतं.

वायू किती मावतो आणि किती वेळात सुटतो, या दोन प्रश्नांची गल्लत महागात पडू शकते. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. 6 सप्टेंबर 2006 रोजी झारखंडमधल्या भाटडीह खाणीतल्या स्फोटात 50 कामगार गेले. उत्पादनाच्या दर टनामागे 10 घनमीटरहून जास्त ज्वालाग्राही वायू सुटत असेल, तर आपल्याकडे ती खाण तिसऱ्या श्रेणीची धरतात. पण त्यातला किती वायू पाळी चालू असताना सुटेल आणि किती कोळशाबरोबर वर जाईल, ते वेगावर ठरतं. पंख्याची क्षमता ठरवणाऱ्याला तोच आकडा हवा असतो.

हाच वायू विकायचा असेल, तर हिशेब उलटा होतो. राणीगंज क्षेत्रात 2007 पासून कोळशातल्या मिथेनचं व्यापारी उत्पादन होतं. तिथे आधी थरातलं पाणी उपसून दाब उतरवावा लागतो, मगच मिथेन भिंती सोडतो. विदर्भात वर्धा खोऱ्यातला कोळसा झरियाच्या मानाने कमी पक्व आणि जास्त ओलसर. तिथे झरियाचे आकडे उसने घेऊन चालत नाही.

म्हणून मुरलेल्या अभ्यासकाच्या अहवालात विसरणाच्या आकड्यापुढे कणाचा आकार, ओलावा आणि तापमान ही तिन्ही लिहिलेली असतात. दुसऱ्याचा अहवाल हाती आला, की तोही आधी हाच रकाना शोधतो.