हजेरीपलीकडचे श्रोते

आज संगणक संस्थेच्या संध्याकाळच्या व्याख्यानाला जाऊन आलो. प्रवेश खुला, चहा फुकट. मागच्या रांगांत हजेरीपुरती आलेली कॉलेजची पोरं, पुढे निवृत्त मंडळी. पंच कार्डांच्या काळातली ही माणसं अजून वही-पेन घेऊन येतात, याचं मला भारी कौतुक.

विषय होता देवनागरी आणि संगणक. वक्त्या बाईंनी पडद्यावर ‘क्ष’ टाइप केला आणि एकदाच बॅकस्पेस दाबली. अक्षर गेलं नाही. पायमोडका ‘क्’ उरला. आपल्याला एक दिसतं, युनिकोडमध्ये मात्र ते तीन संकेत असतात: क, हलन्त, ष. मोबाइलमध्ये बुडालेल्या माना वर आल्या! मग गाडी भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानावर आणि या लिप्यांच्या संकेतांसाठीच्या १९९१च्या ‘इस्की’ प्रमाणकावर गेली.

अशा एकत्र बसण्याची गरज जुनीच. कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली निघाली. ‘टिफरॅक’ हा सुरुवातीचा भारतीय संगणक घडवणारे आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. देशात संगणकच मोजके, त्यामुळे जाणकारांनी एकत्र बसून बोलण्याला तेव्हा फारसा पर्याय नव्हता. आता यूट्यूबवर सगळं मिळतं, कबूल. पण तिथे मध्येच हात वर करून ‘मग शब्दकोशात जोडाक्षरांचा क्रम यंत्र कसा लावणार?’ असं विचारता येत नाही. आज एका आजोबांनी विचारलं आणि उरलेला वेळ त्यावरच रंगला. (आभारप्रदर्शन तेवढं आवरतं घ्या हो.)

तुमच्या शहरात अशी व्याख्यानं होत असतील तर जरूर जा, आणि पुढे बसा.